हा साधेपणा की भीती? लेकीच्या लग्नावरून पडलेला प्रश्न

सुईदोरा
नमस्कार मंडळी. इथं मी बहुतेक वाचत असते, लिहीत नाही. आज लिहिते, कारण घरात ज्यांना विचारावं ते सगळेच या गोष्टीत गुंतलेत.

मी खानापूर तालुक्यात, हमरस्त्यापासून जरा आत असलेल्या गावात राहते. वय ५३. बावीस वर्षं शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-बिडिंग, शाळेचे युनिफॉर्म, सणाच्या आधी परकर-पोलकी. मालक जाऊन अकरा वर्षं झाली. एकच मुलगी, ती बेळगावात एका लॅबमध्ये काम करते. आम्ही ख्रिस्ती. बाप्तिस्मा आजोबांनी घेतला, म्हणजे माझी तिसरी पिढी आणि लेकीची चौथी, तरी गावाच्या तोंडी अजून 'बाटलेल्यांचं घर' हाच आमचा पत्ता. नव्या माणसाला घर दाखवतानाही तसंच सांगतात. त्यात दर वेळी राग असतो असं नाही, तोंडाला वळण पडलंय.

लहानपणी आईबरोबर कुठं गेलं की आमचा कप वेगळा असायचा. कान तुटलेला, खिडकीच्या कोनाड्यात पालथा घातलेला. चहा प्यायचा, विसळायचा, परत पालथा घालायचा. आईनं कधी तक्रार केली नाही. शनिवारी रात्री तांब्यात निखारे घालून ती आपली एकच पांढरी साडी इस्त्री करायची आणि रविवारी तीन मैल चालत देवळात, म्हणजे चर्चला, जायची. ती साडी नेसलेली आई मला राणीसारखी दिसायची. साधं राहायचं, कुणाचं देणं ठेवायचं नाही, कुणी वाईट बोललं तर त्याच्यासाठी प्रार्थना करायची. मी हेच शिकले आणि हेच लेकीला शिकवलं.

पण बोलणाऱ्यांचं तोंड दोन्हीकडून चालतं. आमच्यातल्या कुणी घरावर स्लॅब टाकला की 'मिशनचा पैसा आला'. कौलं गळत राहिली की 'बाटून काय मिळालं?' माझ्या आजोबांच्या पिढीला दुधाच्या पावडरीसाठी ख्रिस्ती झाले म्हणायचे. आमच्या घरात ती पावडर कधी आलीच नव्हती, पण हे सांगणार कुणाला?

आता मुख्य गोष्ट. डिसेंबर २०२१ मध्ये बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात धर्मांतरबंदीच्या विधेयकावरून गदारोळ चालला होता, तेव्हाचं सांगते. शेजारच्या एका पोराला ताप भरला. त्याची आई रात्री माझ्याकडं आली, 'मावशी, तुमच्या देवाला सांगा की जरा.' मी गेले. कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या, डोळे मिटून प्रार्थना केली आणि मीच म्हटलं, गाडी बघा, दवाखान्यात न्या. पोर बरं झालं. चार दिवसांनी चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, 'टेलरीणबाई लोकं फिरवूलाल्या.' दीड महिना एक नवीन ब्लाउज आला नाही. दोघींनी दिलेलं कापड परत नेलं. एकीच्या ब्लाउजच्या बाह्या कापायच्या राहिल्या होत्या. तिनं कापलेलं अस्तर, पाठ, पुढचे दोन भाग, सगळं गुंडाळून पिशवीत कोंबलं. माझ्याकडं बघितलं नाही.

तेव्हा मी एक केलं. मशीनच्या वर भिंतीवर वचनाचं कॅलेंडर आणि मालकांनी केलेला छोटा लाकडी क्रूस होता, ते दोन्ही काढून ट्रंकेत ठेवलं. आठ दिवस भिंतीवर नुसता खिळा होता. नवव्या दिवशी परत लावलं. लेक तेव्हा शिकत होती, तिनं काही विचारलं नाही. मला वाटलं तिच्या लक्षातच आलं नाही.

आता तिचं लग्न ठरलंय. मुलगा निपाणीकडचा, गॅरेज आहे, निर्व्यसनी. मी ठरवलं की लग्न साधं करायचं, कर्ज काढायचं नाही. देवळात विधी, नव्वद माणसं, भात-आमटी-बटाट्याची भाजी-शिरा. बायकांच्या बचत संघाकडून दोन लाख उचलता आले असते, पण मला नको. पुण्याचे दीर म्हणतात, 'वहिनी, हॉल घ्या, मी बघतो. आपल्या लोकांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही.' म्हणजे तिकडं आपल्याच माणसांना लाज वाटते. इकडं नळावर एक बाई लेकीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, 'धर्म बदलला, पण दळिंदर काय सुटलं नाही गे ह्यांचं.' लेक लग्नात पांढरी साडी नेसणार हे कळल्यावर तर 'लग्नात पांढरं? आई रांडाव, लेकीलाही तसंच' इथपर्यंत गेलं.

लेक घागर तशीच टाकून घरी आली. रडली नाही. मला म्हणाली, 'आई, खरं सांग. हा साधेपणा आहे की भीती? तो खिळा मला अजून दिसतो.'

मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही सांगा.

अनगोळकर
ताई, वाचून गलबलून आलं. आमच्याकडंही कप वेगळा होता. माझ्या बापानं तो एक दिवस मुद्दाम हातातून सोडला, आणि त्यानंतर त्या घरी चहा प्यायलाच गेला नाही. बरोबर केलं का, मला अजून ठरवता येत नाही.

घाटमाथा
सुईदोराताई, मी तुमच्याच तालुक्यातला, कॅथलिक. पोर्तुगीजांच्या अमलातून घाट चढून वर आलेल्या घरांपैकी आमचं एक. घरात कोंकणी, बाजारात मराठी, कचेरीत कन्नड. गोव्याला पाहुण्यांकडं गेलो की आम्ही 'घाटी', इथं 'किरिस्ताव', आणि मराठीचा विषय निघाला की 'तुम्ही कधीपासून मराठी?' १९५३ मध्ये बेळगावचा वेगळा धर्मप्रांत झाला तेव्हा आजोबांना वाटलं होतं की आता आपण कुठलेतरी झालो.

आमच्याकडं उलटं आहे. साधेपणाचा त्रास बाहेरच्यांपेक्षा आतूनच जास्त. फेस्ताला, म्हणजे देवळाच्या सणाला, कुणाच्या घरी किती माणसं जेवली, आखातातून कोण आलं, कुणाच्या लेकीच्या गाऊनची शेपूट किती लांब. मी काजूच्या बागेत राबतो, लुना चालवतो. परवा एक नातेवाईक मिस्साला येताना म्हणाला, 'तुझ्या बाजूला बसलो तर पोरं विचारतात हा कोण.' तो माझा सख्खा चुलतभाऊ.

शेजारणीचं बोलणं मी सहन करीन. देवळाच्या बाकावर आपलाच माणूस सरकून बसतो ते मला जड जातं. म्हणून तुमच्या दीरांचं वाक्य मला त्या नळावरच्या बाईपेक्षा जास्त लागलं.

निपाणीकर_बंगळूरात
मावशी, रागावू नका, पण मी लेकीच्या बाजूनं आहे.

माझी आज्जी निपाणीत बिड्या वळायची. दिवसभर सुपात पानं-तंबाखू घेऊन बसायची, संध्याकाळी हजार बिड्या घेऊन गेली की त्यातल्या शंभर-दीडशे 'छाट' म्हणून बाजूला. पैसे त्यांचे नाहीत, पण बिड्या परतही नाहीत. आज्जी म्हणायची, असू दे, देव बघूलालाय. देव बघत होता खरा, पण मालकही बघत होता, की ही बाई बोलत नाही. ज्या दिवशी बायका एकत्र येऊन बोलायला लागल्या त्या दिवसापासून छाट कमी झाली. आज्जी त्यांच्यात होती. तीही प्रार्थना करूनच गेली होती.

आमच्या घरात दोन-दोन नावं आहेत. देवळाच्या रजिस्टरात एक, जातीच्या दाखल्यावर एक. का, ते इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस हिंदू असला पाहिजे असं आहे. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आजपर्यंत बाहेर. गावानं जात विसरायची नाही आणि सरकारनं मात्र विसरायची. अशा ठिकाणी 'आम्ही बाबा नम्र माणसं' म्हणत मान खाली घालून राहणं म्हणजे समोरच्याच्या हातात आयतं कोलीत देणं.

आणि बायबलच बघायचं तर योहान १८ काढा. प्रमुख याजकासमोर शिपायानं येशूच्या तोंडात मारली, तेव्हा त्यानं दुसरा गाल पुढं केला नाही. त्यानं विचारलं, मी खोटं बोललो असेन तर ते दाखव, खरं बोललो असेन तर मारतोस का? पौलाला फटके मारायला बांधलं तेव्हा त्यानं आपण रोमी नागरिक आहोत हे सांगितलं, आणि पुढं थेट कैसराकडं दाद मागितली. हे लोक नम्र नव्हते का?

निवृत्त_पाळक
सर्वांना सलाम. निपाणीकर, तुमचं वाचन चांगलं आहे. दोन गोष्टी जोडतो.

मत्तयमध्ये 'उजव्या गालावर' असं मुद्दाम लिहिलंय. समोरासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या उजव्या गालावर आपल्या उजव्या हातानं मारून बघा. उलट्या हातानंच मारावं लागतं. ही भांडणातली चपराक नव्हे. मालक गड्याला किंवा मोठा लहानाला तुच्छतेनं जी मारतो ती ही. डावा गाल पुढं केला की मारणाऱ्याला सरळ हातानं, बरोबरीच्या माणसाला मारतात तसं मारावं लागतं, नाहीतर हात खाली घ्यावा लागतो. मार खाणारा तिथून पळत नाही, उलट मारत नाही, आणि 'मी तुझ्याहून खालचा' हेही कबूल करत नाही. मी चाळीस वर्षं यावर प्रवचनं केली, आणि हे नीट समजलं ते एका खेड्यातल्या कोतवालाच्या मुलाला दाखवताना. त्याच्या बापानं तसा मार खाल्लेला होता.

दुसरी गोष्ट म्हणजे डोंगरावरच्या प्रवचनात सौम्य लोकांना काय मिळेल म्हटलंय? आपल्या मराठी बायबलात शब्द आहे 'वतन'. पृथ्वीचं वतन. या मुलखात वतन म्हणजे काय हे मी सांगायला नको. कुणाला पाटीलकी, कुणाला कुलकर्ण, आणि आपल्यातल्या पुष्कळांच्या वाडवडिलांना गावाबाहेरची बरड जमीन आणि वर्षभराची वेठ. कर्नाटकात १९६१ च्या कायद्यानं गावकामगारांची वतनं गेली. त्याच्या कितीतरी आधी ज्या माणसानं देवळात पहिल्यांदा ऐकलं असेल की सौम्य लोकांना पृथ्वीचं वतन, त्याच्या कानाला ते कसं लागलं असेल याचा विचार करा. तो शब्द ऐकून त्याची मान वर झाली असेल.

सुईदोराबाई, तुमच्या खिळ्याबद्दल. येशूला धरून नेलं तेव्हा त्याचा शिष्य पेत्र, त्यानं अंगणात कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभं राहून तीनदा सांगितलं, मी त्याला ओळखत नाही. त्याच योहानाच्या शेवटच्या अध्यायात, समुद्राच्या काठी, परत कोळशाचा विस्तव आहे, त्यावर मासे आहेत, आणि तिथं त्याला तीनदा विचारलं जातं, माझ्यावर प्रेम करतोस का? तो विस्तव लिहिणाऱ्यानं उगाच ठेवलेला नाही. पेत्राला हिशेब चुकता करायची जागा मिळाली. तुम्हाला ती नवव्या दिवशी मिळाली, पण लेकीला तुम्ही ते सांगितलंत का? तिनं खिळा बघितला. क्रूस परत लावताना तुमचे हात कसे झाले होते, ते तिला कुठं माहीत आहे?

माळकरी
मी ख्रिस्ती नाही. येळ्ळूरचा, घरात तीन पिढ्या पंढरीची वारी. तरी लिहितो, चालेल ना?

माझ्या वडिलांनी माळ घातली तेव्हा भावकीनं कमी छळलं नाही. मटण सोडलं, दारू सोडली, लग्नात नाचायचं सोडलं म्हणून 'बामण झालाय' म्हणायचे. शेतात बासमती लावली होती, पिकलेल्या उभ्या पिकात रात्री म्हशी घातल्या. वडील दुसऱ्या दिवशी त्या घरी जाऊन आले. भांडले नाहीत, पण उंबऱ्यावर उभं राहून सगळ्यांसमोर म्हणाले, 'म्हशी तुमच्या, पीक माझं, देव दोघांचा. नुकसान दोन पोत्यांचं झालंय, ते मी सोडलं. पण झालंय हे तुम्हाला सांगायला आलो.' आणि घरी येऊन भजनाला बसले. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. ते 'सांगायला आलो' मला अजून ऐकू येतं.

रेव्हरंड टिळक म्हणायचे की ते तुकोबाच्या पुलावरून ख्रिस्ताकडं गेले. पूल दोन्हीकडून चालता येतो, म्हणून मी इकडं आलो. ताई, तुमच्या लेकीच्या लग्नाला बोलवलंत तर मी जेवून जाईन.

सुईदोरा
सगळ्यांचं वाचलं, परत परत वाचलं. पाळकसाहेब, नाही सांगितलं तिला. ते आठ दिवस मी कुणालाच सांगितलेले नाहीत, इथंच पहिल्यांदा लिहिले. त्या नवव्या दिवशी खुर्चीवर चढून क्रूस लावताना दोनदा पडला माझ्या हातातून. एका कोपऱ्याचा टवका उडालाय, तो तसाच आहे.

निपाणीकर, तुमच्यावर कशाला रागावू? माझी लेक तुमच्यासारखीच बोलते. पण एक सांगते बाळा, माझी आईही खाली मान घालून राहणारी नव्हती. ती तो कान तुटलेला कप विसळून ठेवायची, आणि त्याच घरातली म्हातारी पडून होती तेव्हा तिचे मळके कपडे धुवायलाही जायची. कुणी सांगितलं नव्हतं, पैसे मिळत नव्हते. ती म्हणायची, त्यांनी मला वेगळा कप दिला, मी त्यांना वेगळं मन देणार नाही. हे मला भीती कधीच वाटलं नाही.

मात्र माझं काय, ते मला अजून कळत नाही.

जुनी_पुस्तकं
एक माहिती देतो, कारण इथले बरेच जण समजतात की मराठी आणि ख्रिस्ती हे नातं बाहेरून आणून चिकटवलेलं आहे.

बाबा पदमनजी आपल्या बेळगावचे. जन्म १८३१, इथलाच. शिक्षण इथल्या मिशनच्या शाळेत सुरू झालं. लंडन मिशनचं काम बेळगावात १८२० पासून होतं. घर कासार समाजातलं, देवधर्म कडक. १८५४ मध्ये त्यांनी बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. ज्या गावात सगळे ओळखतात त्याच गावात. आणि १८५७ मध्ये विधवांच्या दुःखावर त्यांनी जे पुस्तक लिहिलं, ते मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ओळखलं जातं. बेळगावच्या किती मराठी शाळांत मुलांना हे सांगतात? सीमाप्रश्नाच्या सभेत मराठीच्या थोरवीची यादी वाचतात तेव्हा मी कान देऊन बसतो. हे नाव येत नाही. यायला हवं.

पंडिता रमाबाईंचंही तसंच. जन्म आजच्या कर्नाटकातला, १८५८ चा. संस्कृत पंडितांच्या सभा जिंकलेली बाई, आणि आयुष्याची शेवटची वर्षं केडगावात बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली. तेही पंडिती मराठीत नव्हे, त्यांच्या मुक्ती सदन या आश्रमातल्या अक्षरओळख झालेल्या बायकांना वाचता यावं अशा सोप्या मराठीत. १९२२ मध्ये त्या गेल्या, पुस्तक १९२४ मध्ये छापून निघालं. ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं त्यांनीच बाप्तिस्म्यानंतर पाठ फिरवली होती. एवढी विद्वान बाई साध्या शब्दांसाठी इतकी वर्षं खपली, हे मला साध्या राहणीपेक्षाही मोठं वाटतं.

मिरजेची_सिस्टर
मी नर्स. मिरजेच्या वॉनलेस हॉस्पिटलात शिकले. डॉक्टर वॉनलेसांनी १८९४ मध्ये उभं केलेलं. आमच्या वेळी बेळगाव, चिकोडी, गडहिंग्लज भागातल्या किती तरी ख्रिस्ती मुली तिथं नर्सिंगला होत्या. जवळजवळ प्रत्येकीच्या घरात हीच गोष्ट. ज्या गावानं पाणी वरून ओतलं, त्याच गावचा माणूस वॉर्डात आला की त्याचं अंग पुसायचं, भांडं द्यायचं, रात्री तो 'आई गं' म्हणून कण्हला की उशाशी जायचं. बरा होऊन गेल्यावर एस.टी. स्टँडवर ओळखीचं हसायचा नाही. आम्ही एकमेकींना म्हणायचो, हसला नाही तर नाही, जखम भरली ना?

पण सुईदोराताई, सगळ्यांनी तुम्हाला धीर दिला आणि एक गोष्ट कुणी विचारली नाही. लग्न कुणाचं आहे? साधं करायचं हे तुम्ही ठरवलंत. दीर हॉल म्हणाले, तुम्ही नको म्हणालात. नव्वद माणसं तुम्ही मोजलीत. लेकीला काय हवंय? साधेपणा तुम्हाला आईकडून मिळाला कारण तुम्ही तिला बघत होतात. तिनं तुमच्यावर लादला नाही. तो लेकीवर लादू नका. तिला विचारा, आणि ती जे सांगेल ते ऐकायची तयारी ठेवून विचारा.

अनगोळकर
सिस्टर, हे खरं बोललात.

निपाणीकर_बंगळूरात
मावशी, एक चूक कबूल करतो. मी आज्जीचं अर्धंच सांगितलं. संप मिटल्यावर मुकादमाची बायको बाळंतपणात अडली होती, तेव्हा आज्जी रात्रभर तिच्याजवळ होती. मी ते लिहिलं नाही, कारण माझ्या म्हणण्याच्या आड येत होतं. तुमच्या आईचं वाचून लिहावंसं वाटलं.

सुईदोरा
सिस्टर, तुम्ही म्हणालात तसं केलं. काल रात्री जेवणं झाल्यावर विचारलं. आधी त्या आठ दिवसांचं सगळं सांगितलं. क्रूसाचा टवका दाखवला. तिनं त्यावरून बोट फिरवलं आणि बराच वेळ तसंच धरून बसली.

मग म्हणाली, 'मला हॉल नको, बँड नको, भात-आमटी चालेल. पण तू सगळं देवळातच आटपायचं म्हणतेस, इथनं टेम्पोत बसून जायचं आणि रात्री गपचूप यायचं. ते मला नको. दारात मांडव घाल. नारळाच्या झावळ्यांचा घाल, खर्च नाही येत. बोर्ड लाव, आपली नावं लिही. आणि गल्लीत घरोघरी तू स्वतः आमंत्रण द्यायला जा. तिच्याकडंपण. साधं कर, पण उघड कर.'

खरं सांगते, मांडव मला सुचलाच नव्हता. बावीस वर्षं गल्लीतल्या प्रत्येक लग्नाचे ब्लाउज मी शिवलेत, प्रत्येक मांडवात जेवलेय, आणि माझ्या दारात मांडव घालायचा असतो हे माझ्या मनात आलं नाही. म्हणजे लेकीला जे दिसलं ते होतंच. साधेपणाच्या घडीत भीती घालून ठेवली होती मी, आणि वरून इस्त्री फिरवली होती.

आज सकाळी आमंत्रणं दिली. सगळ्यात आधी त्याच घरी गेले, नाहीतर पाय वळले नसते. ती अंगणात तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, 'गुरुवारी लेकीचं लग्न आहे. देवळात चार वाजता, आणि संध्याकाळी मांडवात जेवण. पोरांना घेऊन या.' आणि मग म्हटलं, 'नळावर बोललीस ते लेकीनं ऐकलं. तिला लागलं. एवढं सांगायचं होतं.' माळकरी दादा, हे तुमच्या वडिलांचं. तुमचं वाचलं नसतं तर मला जमलं नसतं. ती काही बोलली नाही. सूप बाजूला ठेवून आत गेली. मी आमंत्रणाची पत्रिका पायरीवर ठेवून आले.

घाटमाथा
गुरुवारी मी येतो. झावळ्या लागतील तेवढ्या आमच्या बागेतून आणतो, बुधवारी संध्याकाळी. लुनावर मावणार नाहीत, चुलतभावाचा टेम्पो मागतो. बघू देतो का.

निवृत्त_पाळक
तीन रविवार नावं पुकारली का देवळात? नोटीस, दाखले सगळं पाळकांकडं दिलंय ना? १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणं नोंद नीट होऊ द्या, पुढं पासपोर्ट-रेशनकार्डाला लागते. निपाणीचा दाखला कन्नडमध्ये असेल तर नावाची अक्षरं तपासून घ्या. आमच्याकडं एका जोडप्याला एका वेलांटीपायी सहा महिने कचेऱ्या फिराव्या लागल्या.

सुईदोरा
झालं लग्न. चार दिवस लिहायला फुरसत मिळाली नाही.

घाटमाथा दादा झावळ्या घेऊन आले, चुलतभाऊ स्वतः टेम्पो चालवत आला आणि मांडवाला हातही लावला. बोर्ड गल्लीच्या तोंडाशी लावला. लेकीनं शहापूरची साडी घेतली, मोतिया रंगाची, काठाला बारीक जर. ब्लाउज मी शिवला, तीन रात्री लागल्या. गळ्याला माझ्या आईच्या त्या पांढऱ्या साडीच्या पदराची पट्टी आतून लावली. बाहेरून दिसत नाही, अंगाला लागते.

दीर पुण्याहून आले. सुरुवातीला तोंड पाडून होते. पंगतीत वाढायला उभे राहिले आणि शेवटच्या पंगतीपर्यंत बादली सोडली नाही.

नव्वदाची एकशे चाळीस माणसं झाली. माळकरी दादा आले, जेवले, लेकीच्या हातात अकरा रुपये आणि नारळ ठेवला. गल्लीतली निम्मी घरं आली. त्यातल्या सहा-सात बायकांनी अक्षता टाकल्यासारखी फुलं टाकली, आणि जेवायला बसा म्हटल्यावर 'गुरुवार आहे ना' म्हणून निघाल्या. त्यांतल्या दोघी गुरुवार करत नाहीत हे मला माहीत आहे. लेकीनंही बघितलं. ती त्यांना मांडवाच्या कडेपर्यंत सोडायला गेली आणि प्रत्येकीला शिऱ्याची पुडी दिली. दोघींनी घेतली, बाकीच्यांनी नाही घेतली.

ती बाई आली नाही. तिचा मुलगा आला होता, नववीतला. जेवला, दोनदा शिरा मागून घेतला.

लेक निपाणीला गेली. घर मोठं वाटतंय.

आज सोमवार, दुकान उघडलं. गौरी-गणपती जवळ आलेत, चौदा ब्लाउज पडलेत. अकराच्या सुमाराला ती आली. दारातच उभी होती, हातात जांभळा ब्लाउज. म्हणाली, 'काखेत दाटूलालाय. उसवून देतीस काय?' मी म्हटलं, ये आत, माप बघते. मशीनपाशी उभी राहिली, भिंतीकडं बघितलं, मग हात वर केले. मी टेप लावला. दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच सोडावा लागेल, आत शिलाईला कापड आहे तेवढं.

शनिवारी घेऊन जाते म्हणाली.